पॉइंटच्या इंजिनावर फ्युएल इंजेक्शन: आधी कॉइल पॅक की आधी इंजेक्टर?

जुनी_चाकं
इंजिन असं आहे: १६०० सीसी, चार सिलिंडर, पुशरॉड, एक कार्ब्युरेटर, पॉइंट-कंडेन्सरचा डिस्ट्रिब्यूटर (कॉइलचा प्रवाह तोडून प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग). फायरिंग ऑर्डर १-३-४-२, ताकद साधारण ८० हॉर्सपॉवर. यावर इंजेक्शन बसवायचं आहे. हाताशी ३६-१ चं दातेरी चक्र, दोन वायरींचा व्हीआर सेन्सर (चक्राचे दात चुंबकाने ओळखणारा), फोर्डचं ईडीआयएस-४ मॉड्यूल (डिस्ट्रिब्यूटरशिवाय ठिणगी देणारं), त्याचा चार टोकांचा कॉइल पॅक आणि दोन इंजेक्टर चॅनल असलेला प्रोग्राम करता येणारा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आहे.

प्रश्न तीन. इग्निशन आणि इंजेक्शन एकाच वेळी बदलावं की टप्प्याटप्प्याने? डिस्ट्रिब्यूटर ठेवावा की काढावा? आणि अशा कामात नेमकं कुठे बिघडतं? "करू नका, कार्बच बरा" हे उत्तर सोडून बाकी सगळ्याचं स्वागत.

दट्ट्या
टप्प्याटप्प्याने. आधी ठिणगी, मग पेट्रोल.

क्रँक कुठे आहे हे कळल्याशिवाय ईसीयूला काहीच करता येत नाही. म्हणजे दातेरी चक्र आणि सेन्सर हा दोन्ही कामांचा पाया. कार्ब जागेवर ठेवून फक्त इग्निशन बदललं तर पेट्रोलची बाजू ओळखीची राहते, आणि इंजिन अडखळलं की दोष ठिणगीच्या बाजूलाच शोधायचा. दोन्ही एकदम बदललं आणि इंजिन कार्बमधून उलटं फुसकारलं, तर टायमिंग, वायरींची अदलाबदल, पातळ मिश्रण की सेन्सरचा गोंधळ, काहीच कळत नाही.

तुमच्याकडे ईडीआयएस आहे हे तर फारच सोयीचं. या मॉड्यूलला ईसीयूकडून ॲडव्हान्सचा (ठिणगी किती अंश आधी द्यायची याचा) सिग्नल मिळाला नाही तर ते स्वतःच टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेच्या) १० अंश आधी ठिणगी देतं. म्हणून पहिल्यांदा ईसीयू जोडूच नका. चक्र, सेन्सर, मॉड्यूल, कॉइल पॅक, कार्ब, बस. इंजिन चालू करा आणि टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लखलखून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावा. खूण १० अंशांवर स्थिर दिसली तर यांत्रिक जोडणी बरोबर. ६ किंवा १४ दिसलं तर चक्र किंवा ब्रॅकेट तेवढं सरकलेलं आहे. सॉफ्टवेअरमधला एकही आकडा मध्ये न येता ही खात्री होते. फक्त याच अवस्थेत गाडी पळवू नका, १० अंशांवर ताकद मिळत नाही आणि एक्झॉस्ट खूप तापतो.

चक्र बसवताना: ३६-१ म्हणजे दर १० अंशांना एक दात आणि एक गाळलेला. चार सिलिंडरच्या ईडीआयएससाठी गाळलेला दात टीडीसीच्या ९० अंश आधी सेन्सरसमोर यायला हवा. म्हणजेच पहिला पिस्टन टीडीसीला असताना गाळलेला दात फिरण्याच्या दिशेने ९ दात पुढे निघून गेलेला असतो. सहा सिलिंडरला हा कोन ६० आणि आठला ५० अंश.

पुलीवरच्या जुन्या खुणेवर विसंबू नका. रबराचा डॅम्पर असेल तर बाहेरची कडी वर्षानुवर्षांत सरकते आणि खूण खोटी पडते. पहिल्या प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टनला वाटेत अडवणारा दांडा) घाला, हाताने क्रँक एका दिशेने अडेपर्यंत फिरवा, खूण करा. मग उलट्या दिशेने अडेपर्यंत फिरवा, दुसरी खूण करा. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. बॅटरीची वायर काढून ठेवा, चुकून स्टार्टर लागला तर पिस्टनला भोक पडेल.

पाना_बारा
चक्रसुद्धा त्या रबरापलीकडच्या बाहेरच्या कडीवर लावायचं नाही. आतल्या हबवरच बोल्ट करा.

चोक_ओढा
दट्ट्यांशी असहमत. आधी पेट्रोल करता येतं, आणि कित्येक इंजिनांना तेच पुरतं. कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरून ईसीयूला आरपीएम मिळतो. बॅच इंजेक्शनला (इंजेक्टर गटाने एकदम उघडतात त्याला) क्रँकची नेमकी जागा लागतच नाही, किती वेगाने फिरतोय एवढं कळलं की झालं. पॉइंट तसेच, डिस्ट्रिब्यूटर तसाच, कार्बच्या जागी थ्रॉटल बॉडी. अर्धं काम वाचतं.

आणि ही कल्पना नवी नाही. बॉशचं डी-जेट्रॉनिक १९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० मध्ये आलं, त्यात इंजेक्शनची वेळ डिस्ट्रिब्यूटरमध्येच बसवलेल्या वेगळ्या ट्रिगर पॉइंटांवरून ठरायची. इग्निशनच्या भागावरून इंजेक्शन चालवणं हा त्या काळातला कारखान्याचा मार्ग होता.

ओहमचा_नियम
चोक_ओढा, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण डी-जेट्रॉनिकचे ट्रिगर पॉइंट कॉइलच्या सर्किटपासून वेगळे होते. तुम्ही सुचवताय ते कॉइलचं निगेटिव्ह टोक. तिथे पॉइंट उघडताच दोनशे-तीनशे व्होल्टचा झटका येतो आणि त्यानंतर घंटेसारखी थरथरत विरत जाणारी लहर. चार सिलिंडरला दर फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे दोन झटके. त्या थरथरीतलं एखादं टोक ईसीयूने वेगळा झटका म्हणून मोजलं की ३००० चे ६००० आरपीएम दिसतात, इंजेक्टर दुप्पट वेळा उघडतात, प्लग काळे पडून ओले होतात. पॉइंटची स्प्रिंग सैल असेल तर वरच्या वेगात पॉइंट उसळतात, तेही मोजलं जातं.

हे करायचंच तर सिग्नल ऑप्टोकपलरमधून (दोन सर्किटं वेगळी ठेवून प्रकाशाने सिग्नल नेणाऱ्या भागातून) घ्या, आधी मालिकेत रोधक, आणि कंडेन्सर चांगल्या अवस्थेत ठेवा. सरळ वायर ईसीयूच्या व्हीआरच्या पायावर लावू नका, तो भाग जळतो. पण धागाकर्त्यांकडे चक्र आणि सेन्सर आधीच आहे. त्यांनी हा रस्ता धरला तर एवढी मेहनत महिन्याभरात काढून टाकायची वेळ येईल.

चोक_ओढा
सेन्सर आधीच हाताशी आहे हे मान्य. त्यांच्यासाठी दट्ट्यांचा क्रम बरोबर. पण ज्यांच्या पुलीजवळ चक्राला जागाच नाही त्यांच्यासाठी माझा मार्ग नोंदवून ठेवतो.

कॅमशाफ्ट
डिस्ट्रिब्यूटर उपटण्याआधी त्याच्या खाली काय आहे ते बघा. बऱ्याच पुशरॉड इंजिनांत डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याच्या खालच्या टोकावरच ऑइल पंप फिरतो. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये तसंच आहे. तो काढून वर नुसतं झाकण लावलं तर इंजिन काही मिनिटांत गोठेल. अशा ठिकाणी जुनाच डिस्ट्रिब्यूटर वरून कापून त्याचा बुंधा ठेवतात: दांडा, गिअर आणि खालचं बुश शाबूत, वर तेल न गळणारी टोपी. दांडा वर उचलला जाणार नाही असा अटकाव त्यात हवाच. पुढे सिक्वेन्शियल इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळेवर पेट्रोल) करायचं असेल तर याच बुंध्यात एक हॉल सेन्सर आणि एक खिडकीची चकती बसवा, कॅमचा सिग्नल आयता मिळतो.

आता डिस्ट्रिब्यूटर ठेवायचा असेल तर. ठेवता येतो, क्रँक सेन्सरवरून ईसीयू एकच कॉइल चालवेल आणि डिस्ट्रिब्यूटर फक्त ठिणगी वाटेल. पण मग सेंट्रिफ्युगल वजनं आणि व्हॅक्युमची प्लेट दोन्ही पक्की बांधावी लागतात. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: रोटरची दिशा. ईसीयू ठिणगी ५ ते ४५ अंशांत कुठेही देणार. क्रँकचे हे ४० अंश म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचे २०. जुन्या रचनेत सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्सबरोबर रोटरही सरकायचा, आता तो सरकत नाही. म्हणून क्रँक टीडीसीच्या २५ अंश आधी ठेवून रोटरचं टोक पहिल्या सिलिंडरच्या टोकासमोर आणा. मग दोन्हीकडे १०-१० अंशच चूक राहते आणि रोटरची रुंदी ती सांभाळते. हे न केल्यास ठिणगी कॅपमध्ये शेजारच्या टोकावर उडी मारते.

ठिणगी
कॅमशाफ्ट यांना +१, रोटरचा मुद्दा मोलाचा. पण धागाकर्त्यांनी डिस्ट्रिब्यूटर काढावा असंच माझं मत, आणि कारण साधं गणित आहे. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांचा. चार सिलिंडरला एकच कॉइल असेल तर तिला दर ५ मिलिसेकंदांनी ठिणगी द्यायची असते. तिची ठिणगी एक ते दीड मिलिसेकंद टिकते, भरायला उरतात साडेतीन. म्हणजे सगळी मोकळीक संपली. कॉइल पॅकमध्ये १-४ ची एक आणि २-३ ची एक अशा दोन कॉइल, प्रत्येकीला पूर्ण १० मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल आणि कॅमचा सिग्नल असेल तर २०.

पॅकच्या रचनेत जोडीतले दोन्ही प्लग एकदम पेटतात, एक कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि दुसरा एक्झॉस्टच्या शेवटी, जिथे ती ठिणगी वाया जाते. जोड्या कशा लावायच्या हे फायरिंग ऑर्डरवरून: १-३-४-२ मध्ये ३६० अंशांच्या अंतरावरचे १ आणि ४, ३ आणि २. एअर-कूल्ड फोक्सवॅगनमध्ये ऑर्डर १-४-३-२ आहे, तिथे जोड्या १-३ आणि ४-२. सवयीने १-४ लावलं तर इंजिन नीट चालत नाही.

मीटरवाली
विजेची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

जुन्या पॉइंटच्या गाड्यांत कॉइलच्या आधी तिचा व्होल्टेज कमी करणारा बॅलास्ट रोधक असतो, कधी वेगळा, तर कधी वायरच रोधक असते आणि ती हार्नेसमध्ये लपलेली असते. चावी चालू, पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या पॉझिटिव्हवर ६ ते ९ व्होल्ट दिसले तर बॅलास्ट आहे. नव्या कॉइल पॅकला पूर्ण बॅटरीचा व्होल्टेज लागतो. त्या जुन्या वायरने फक्त एक रिले ओढा, आणि कॉइल पॅक, मॉड्यूल, इंजेक्टर यांना पुरवठा बॅटरीपासून फ्यूज लावून त्या रिलेतून द्या.

डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा. जुना डायनॅमो २०-२२ अँपिअर देतो, तेही वेगात. आयडलला जवळपास काहीच नाही. इंजेक्शनचा पंपच ५ ते ८ अँपिअर खातो, वर कॉइल आणि वाइडबँड सेन्सरचा (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणाऱ्या) हीटर. व्होल्टेज खाली गेला की इंजेक्टर उशिरा उघडतात, मिश्रण पातळ होतं, आणि तुम्ही मात्र नकाशातले (ईसीयूतल्या तक्त्यातले) आकडे बदलत बसता. पॉझिटिव्ह अर्थची गाडी (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) असेल तर आधी निगेटिव्ह अर्थ करा, त्याला पर्याय नाही.

अर्थिंग: ईसीयूचा पॉवर अर्थ थेट इंजिन ब्लॉकवर, एका जागी. सेन्सरांचे अर्थ ईसीयूच्या सेन्सर-अर्थच्या पायावरच, बॉडीवर नाही. व्हीआरची वायर शील्डची, आणि शील्ड एकाच टोकाला जोडायचं. प्लग रेझिस्टरचे, वायरीही कार्बनच्या किंवा रेझिस्टन्सच्या. निव्वळ तांब्याच्या वायरी ठेवल्या तर ईसीयू मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

पुढे कधी ईडीआयएस सोडून ईसीयूने थेट कॉइल चालवणार असाल तर कॉइल जोडण्याआधी इग्निशन आउटपुटची दिशा तपासा. कॉइलच्या जागी एलईडी आणि रोधक लावा. चावी चालू, इंजिन थांबलेलं असताना तो विझलेला हवा. पेटून राहिला तर सेटिंग उलटं आहे. कॉइल जोडलेली असती तर ती सतत भरत राहून जळाली असती, किंवा इग्नायटर गेला असता.

जुनी_चाकं
मीटरताई, बॅलास्टची वायर नेमकी तशीच निघाली: चावी चालू असताना ७ व्होल्ट. रिले लावतो. आपल्या इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्यूटरवर नाही हेही पाहिलं, वेगळा गिअर आहे.

आता एक शंका. ईसीयू जोडल्यावर मॉड्यूलशी बोलणं कसं चालतं? आणि टायमिंग लाइटवर खूण वेग वाढवल्यावर सरकली तर काय समजायचं?

ठिणगी
मॉड्यूल ईसीयूला पिप नावाचा चौकोनी सिग्नल देतं, चार सिलिंडरला दर फेऱ्याला दोन. ईसीयू उत्तरादाखल सॉ नावाचा पल्स पाठवतो आणि त्या पल्सची रुंदी म्हणजेच ॲडव्हान्स. १५३६ मायक्रोसेकंदांतून प्रत्येक अंशामागे २५.६ वजा करायचे. १० अंश म्हणजे १२८०, ३० अंश म्हणजे ७६८. पल्स आला नाही की मॉड्यूल १० अंशांवर परततं. म्हणून गाडी अचानक मंद आणि गरम चालू लागली तर आधी ही एक वायर तपासा.

खूण सरकणं: सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १५ अंशांवर बांधून ठेवा आणि १००० व ४००० आरपीएमला बघा. दोन्हीकडे १५ च हवं. वेगाबरोबर सरकत असेल तर पहिला संशय व्हीआर सेन्सरच्या दोन वायरींवर. त्या उलट्या लागल्या की मॉड्यूल लहरीची तीव्र उताराची बाजू सोडून दुसरीच बाजू वाचतं, आणि गाळलेल्या दातापाशी चूक वाढत जाते. दोन वायरी अदलून पुन्हा मोजा.

मोजताना ज्या लाइटला अंश फिरवायचं बटण असतं ते शून्यावर ठेवा. पॅकमध्ये दर फेऱ्याला ठिणगी असते, दुप्पट ठिणग्यांमुळे असे लाइट चुकीचे अंश दाखवू शकतात. त्यापेक्षा पुलीवर अंशांची पट्टी चिकटवा. १५० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचा परीघ ४७१ मिलिमीटर, म्हणजे १० अंशांना १३.१.

सेन्सर आणि दातामधली फट पाऊण ते एक मिलिमीटर, आणि चक्र वाकडं फिरत असेल तर आधी ते सरळ करा. फट एका बाजूला अर्धा आणि दुसऱ्या बाजूला दीड झाली तर स्टार्टर मारताना सिग्नल दुबळा पडतो. ब्रॅकेट जाड पट्टीचं करा, थरथरणारं ब्रॅकेट म्हणजे थरथरणारं टायमिंग. चक्र पोलादाचंच हवं, ॲल्युमिनियमचं व्हीआरला दिसत नाही.

दट्ट्या
आणि ॲडव्हान्सचा नकाशा भरताना नव्या इंजिनाचा उचलू नका. भाग नवे आहेत, ज्वलनकक्ष जुनाच आहे. चार व्हॉल्व्हचं, मधोमध प्लग असलेलं इंजिन कमी ॲडव्हान्सवर खूश असतं, दोन व्हॉल्व्हचं जुनं हेड सावकाश जळतं. सुरुवातीला आयडल १२ ते १४, पूर्ण थ्रॉटलला ३००० आरपीएमपर्यंत चढत ३० च्या आसपास, हलक्या लोडवर ३६ ते ३८. मग तडतड (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) ऐकत पूर्ण थ्रॉटलचे आकडे दोन-दोन अंशांनी बदला. मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) नळी थ्रॉटलच्या खाली, मॅनिफोल्डवर. जुन्या डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्युम नळी बहुतेक कार्बांत थ्रॉटलच्या पात्याच्या वर असते, तिथे जोडली तर आयडलला ईसीयूला वाटेल थ्रॉटल पूर्ण उघडा आहे.

पाना_बारा
जुन्या टॅकोमीटरचं काय? कॉइल निगेटिव्हच गेलं.

ओहमचा_नियम
ईसीयूच्या टॅको आउटपुटला १२ व्होल्टचा पुल-अप रोधक लावून बघा. काही जुन्या टॅकोंना १२ व्होल्ट पुरत नाहीत, त्यांना तो उंच झटकाच हवा असतो. अशा वेळी एखाद्या रिलेची नुसती कॉइल वापरतात: एक टोक १२ व्होल्टला, दुसरं ट्रान्झिस्टरला. ट्रान्झिस्टर बंद झाला की तिथे झटका उठतो, तो टॅकोला द्या. रिलेच्या आत डायोड नसावा आणि ट्रान्झिस्टर तो व्होल्टेज सोसणारा हवा.

कॅमशाफ्ट
थोडं विषयांतर, पण कुणाच्या उपयोगी पडेल. ब्रिटिश मिनीच्या ए-सिरीज इंजिनात १-२ ला एक आणि ३-४ ला एक असे सामाईक इनटेक पोर्ट आहेत. १-३-४-२ मध्ये २ नंतर लगेच १ ओढतो, ३ नंतर लगेच ४, आणि मग ५४० अंशांची शांतता. त्या काळात साचलेलं पेट्रोल आतले सिलिंडर आधी ओढून घेतात, बाहेरचे उपाशी राहतात. म्हणून पोर्टमध्ये इंजेक्टर बसवून साधं बॅच इंजेक्शन तिथे फसतं. रोव्हरने १९९१ मध्ये थ्रॉटल बॉडीत एकच इंजेक्टर दिला, आणि १९९६ मध्ये दोन इंजेक्टर दिले तेव्हा त्यांची वेळ बांधून दिली आणि डिस्ट्रिब्यूटर काढून कॉइल पॅक बसवला. धागाकर्ते, तुमच्या हेडचे पोर्ट मोजा, स्वतंत्र चार आहेत ना?

जुनी_चाकं
चारही स्वतंत्र आहेत. इग्निशनचा टप्पा मग ठरला. पेट्रोलच्या टप्प्यासाठी इंजेक्टर किती मोठे घ्यावेत?

दट्ट्या
एका हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण सव्वापाच सीसी पेट्रोल धरा. ८० ला ४२०. चार इंजेक्टरांत १०५ प्रत्येकी, आणि ते ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे राहू नयेत म्हणून भागिले ०.८: १३१. म्हणजे ३ बारला १५० ते १८० सीसीचे पुरेत. "पुढे लागतील" म्हणून ४०० चे घेऊ नका. इंजेक्टर उघडायलाच एक मिलिसेकंदाच्या आसपास जातो, मोठा इंजेक्टर आयडलला त्या उघडण्याच्या वेळेशीच झगडत राहतो आणि आयडल कधीच बसत नाही.

ओहम मोजून घ्या. १२ ते १६ ओहमचे हवेत. एका चॅनलवर दोन समांतर म्हणजे ६ ते ८ ओहम, दोन अँपिअरच्या आसपास, ईसीयू ते सहज झेपवतो. २-३ ओहमचे दोन समांतर लावले तर दहाच्या वर अँपिअर जातात आणि ड्रायव्हर उडतो.

पेट्रोलची लाइन हा जिवाशी खेळ आहे, इथे काटकसर नको. कार्बच्या पंपाचा दाब ०.२-०.३ बार, इंजेक्शनचा ३. जुनी रबरी नळी तो सोसत नाही. एसएई जे३०आर९ ची नळी घ्या, आणि क्लॅम्प गुळगुळीत आतल्या पट्टीचे, खाचांचे नकोत, ते नळी कापतात. जुना यांत्रिक पंप काढून जागा प्लेटने बंद करा. टाकीपर्यंत परतीची लाइन हवी. टाकीत आडवे पडदे नसतील तर वळणावर पंप हवा ओढतो, छोटी सर्ज टाकी (पंपाला कायम भरलेली मधली टाकी) लावा. पंपाचा रिले ईसीयूकडूनच चालला पाहिजे: चावीवर दोन सेकंद, मग फक्त इंजिन फिरत असताना. सोबत धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच.

मीटरवाली
वाइडबँडचा बोंडा एक्झॉस्टवर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर तिरका ठेवा. खाली तोंड केलं तर साचलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर पडून तो तडकतो. आणि इंजिन चालू असताना सेन्सरचा हीटर बंद ठेवू नका, थंड सेन्सर काजळी धरतो.

ठिणगी
धागाकर्ते, पहिल्या दिवशी विजेचा पंप असेल तर त्याचा फ्यूज काढा, प्लग काढा पण वायरींना जोडून, शरीर ब्लॉकला टेकवून, भोकांपासून दूर ठेवा. मोकळ्या वायरीवर कॉइल पॅकची ठिणगी मॉड्यूलमध्ये शिरते. मग ईसीयूला पिपची वायर तेवढी जोडून, सॉची मोकळी ठेवून, स्टार्टर मारा आणि ईसीयूच्या नोंदीत आरपीएम बघा. २०० च्या आसपास सलग दिसला पाहिजे. मध्ये एकदाही शून्य किंवा हजाराचा उसळा दिसला तर पुढे जाऊ नका, फट आणि शील्ड पुन्हा तपासा. प्लग परत लावून तीच नोंद पुन्हा घ्या, कारण कॉम्प्रेशनवर क्रँक मंदावतो तेव्हा दातांमधलं अंतर लांबल्यासारखं दिसतं आणि बॅटरी उतरलेली असेल तर साधा दातही गाळलेला वाटू शकतो. दोन्ही वेळा नोंद स्वच्छ आली की कार्बवरच चालू करा आणि १० अंश बघून इथे कळवा.